आकडा उलगडताना

आईच्या अंबाड्यात कायम दोन काळे आकडे खोवलेले असायचे. तारेचा तुकडा मधोमध वाकवला की दोन समांतर पाय आणि टोकाला एक वळसा. पेशीत जनुकांचे निरोप वाहणाऱ्या आरएनए या रेणूच्या ज्या आकाराला जगभर हेअरपिन म्हणतात तो अगदी असाच असतो. आरएनएचा एकेरी धागा स्वतःवरच दुमडतो, दोन्ही बाजूंची अक्षरं (ए, यू, जी आणि सी अशी ती चारच) समोरासमोर येतात, 'जी' 'सी'शी आणि 'ए' 'यू'शी जोडी जमवतात. जोड्यांचा दांडा तयार होतो आणि वळणापाशी काही अक्षरं बिनजोडीची राहतात. प्रयोगशाळेत आम्ही स्टेम आणि लूप म्हणतो. मनात मी दांडा, वळसा आणि आकडा म्हणते, आणि इथेही तेच म्हणणार आहे.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी या आकड्यांकडे वळले, त्याला कारण जिवाणू होते. लिस्टेरिया नावाचा जिवाणू मातीत, थंड अन्नात राहतो आणि माणसाच्या शरीरात शिरला की रोग करणारी जनुकं चालू करतो. आपण आत शिरलो हे त्याला कळतं कसं, याचं एक उत्तर २००२ साली पुढे आलं. ही जनुकं चालू करणाऱ्या पीआरएफए या प्रथिनाचा निरोप वाहणाऱ्या आरएनएच्या सुरुवातीलाच एक दुमड असते. ३० अंशांच्या खाली ती बंद राहते, त्यामुळे प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमला निरोप वाचायला बसण्याची जागा मिळत नाही. ३७ अंशांना ती सैल होते आणि वाचन सुरू होतं. सालमोनेला या दुसऱ्या जिवाणूत एजीएसए या उष्णताप्रथिनाच्या निरोपावर अशीच एक रचना आहे. तिथे ओळीने चार यू रायबोसोमच्या बसण्याच्या जागेवर झाकणासारखे बसतात. याला आरएनए तापमापक म्हणतात. मधे कुठलंही प्रथिन नाही, संदेशवाहक नाही. रेणू स्वतःच ताप ओळखतो. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नव्हती.

मला तापमापकावर काम करायचं होतं. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "करशील. पण आधी यूयूसीजी कर. ज्याचं उत्तर लोकांनी तीस वर्षांपूर्वी काढून ठेवलंय ते तुझ्या हाताने येतंय का ते बघू. ते आलं की तुझ्या नव्या आकड्यावर मी विश्वास ठेवीन."

यूयूसीजी ही वळशातली चार अक्षरं. एका बाजूने सी आणि दुसऱ्या बाजूने जी यांच्या मधे ती आली की तयार होणारा आकडा विलक्षण टिकाऊ असतो. १९८८ साली टी४ विषाणूच्या आरएनएवर काम करणाऱ्यांच्या लक्षात आलं की आरएनएची नक्कल करणारं विकर काही विशिष्ट जागी येऊन अडखळतं, आणि त्या जागी हाच क्रम असतो. रायबोसोमच्या आरएनएमध्येही तो पुन्हा पुन्हा सापडतो. वळसा म्हणजे सैल, लोंबता भाग अशी माझी समजूत होती. इथे तसं नाही. चारांपैकी पहिला यू आणि शेवटचा जी एकमेकांना धरतात, आणि त्यासाठी तो जी, ज्या साखरेने तो धाग्याला जोडलेला असतो तिच्यावर, उलटा फिरून बसतो. सी आत झुकून धाग्याच्या कण्यातल्या फॉस्फेटला टेकतो. दुसरा यू मात्र कुणालाच धरत नाही, तो बाहेर पाण्यात असतो. म्हणजे चार अक्षरांतली तीन कामात आणि एक मोकळं. या मोकळ्या यूकडे मी पुढे परत येणार आहे.

मी निवडलेला क्रम बारा अक्षरांचा होता: जीजीएसी, यूयूसीजी, जीयूसीसी. दांड्यात चार जोड्या, वर चारांचा वळसा. १ मोलर मिठात हा साधारण ७२ अंश सेल्सियसला निम्मा उलगडतो हे छापलेलं होतं. मला तेच तापमान माझ्या यंत्रावर आणायचं होतं.

मोजण्याची पद्धत जुनी आणि सोपी आहे. आरएनएची अक्षरं २६० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषतात. ती एकमेकांवर नीट रचून बसलेली असली की कमी शोषतात, विस्कटली की जास्त. मग द्रावण हळूहळू तापवायचं आणि शोषण किती वाढतं ते पाहत राहायचं. आलेख आधी जवळजवळ सपाट जातो, मग चढतो, मग पुन्हा सपाट होतो. याला आम्ही मेल्ट म्हणतो, "आज मेल्ट लावलाय" अशा अर्थाने. बर्फासारखं इथे काही वितळत नाही, पण शब्द रुळला आहे.

पद्धत सोपी असली तरी तयारी सोपी नव्हती. कुपीत आरएनए येतो तो डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढ्या पांढऱ्या थराच्या रूपात. त्याचा मोठा शत्रू आपली बोटं. घामात, थुंकीत, धुळीत आरएनए तोडणारं आरएनेझ हे विकर असतं आणि ते उकळूनही मरत नाही. उकळलं की उलगडतं, गार झालं की पुन्हा घडी घालून कामाला लागतं. प्रथिनाची घडी त्याच्या क्रमातच लिहिलेली असते हे ॲनफिन्सन यांनी याच विकरावर दाखवलं आणि १९७२चं नोबेल मिळवलं. शास्त्रासाठी हे विकर फार मोलाचं ठरलं, माझ्या कुपीसाठी तेवढंच घातक होतं. हातमोजे बदलत राहायचे, टेबल पुसत राहायचं, पाणी वेगळं ठेवायचं, पिपेटची टोकं कुणाला लावू द्यायची नाहीत. आमच्या प्रयोगशाळेतले मामा काचसामान धुतात. त्यांना मी सांगितलं की हा एक रॅक माझा मीच धुईन. त्यांनी काही न विचारता त्यावर लाल चिकटपट्टी लावून दिली आणि पुढचे आठ महिने त्या रॅकला कुणी हात लावला नाही.

बफरचंही, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचंही, तसंच. कपाटात ट्रिसचं बफर तयार होतं, मी तेच घेणार होते. मॅडमनी थांबवलं. ट्रिसचा पीएच तापमानाबरोबर घसरतो, दर अंशाला साधारण ०.०३ इतका. म्हणजे २५ वरून ९५ अंशांवर जाईपर्यंत जवळजवळ दोन अंकांनी. आपण तापमानाचा परिणाम मोजतोय असं वाटतं आणि मोजत असतो आम्लतेचा. फॉस्फेट बफर यात खूपच स्थिर आहे. म्हणून १० मिलिमोलर सोडियम फॉस्फेट, पीएच ७, १ मोलर मीठ आणि चिमूटभर ईडीटीए घेतलं. ईडीटीए धातू धरून ठेवतं. ते अशासाठी की पाण्यात मॅग्नेशियमसारखे धातू राहिले तर उच्च तापमानाला आरएनएचा धागाच तुटतो. डीएनएला ही भीती फारशी नाही. आरएनएच्या साखरेवर एक जादाचा हायड्रॉक्सिल गट असतो, तोच शेजारच्या फॉस्फेटवर चालून जातो. गंमत अशी की यूयूसीजीच्या वळशात यू आणि जी यांना बांधून ठेवणारा एक बंधही याच हायड्रॉक्सिलचा आहे. एकच गट घडी टिकवतो आणि धागाही तोडतो.

पहिला मेल्ट जुलैत लावला. बाहेर आठवडाभर पावसाची झड होती. १० अंशांपासून सुरुवात करायची म्हणून क्युव्हेट (द्रावण ठेवायची चौकोनी काचकुपी) गार केली आणि पडद्यावर शोषण वेड्यासारखं वर-खाली होऊ लागलं. झाकण उघडलं तर क्युव्हेटच्या बाहेरच्या काचेवर दव धरलेलं. पावसाळ्यातली पुण्याची हवा आणि १० अंशांची काच, दुसरं काय होणार. त्या कप्प्यात कोरडा नायट्रोजन सोडण्याची नळी असते, ती अशाच वेळेसाठी. ती जोडली. द्रावणातली हवा आधी काढून टाकली, नाहीतर ६० अंशांच्या पुढे क्युव्हेटच्या भिंतीवर बुडबुडे धरतात. वर सिलिकॉन तेलाचा पातळ थर दिला, म्हणजे पाणी उडून द्रावण दाट होत नाही. आणि तापमान क्युव्हेट धरणाऱ्या ठोकळ्याचं न घेता शेजारच्या क्युव्हेटमध्ये बुडवलेल्या तापमापी काडीवरून घेतलं. ९० अंशांजवळ ठोकळा आणि द्रावण यांच्यात अंश-दीड अंशाचा फरक पडतो. दर मिनिटाला अर्धा अंश या गतीने १० ते ९५, म्हणजे जवळजवळ तीन तास. मग तेवढेच तीन तास उतरताना.

आणि मग तो आलेख आला.

७० च्या जरा वर मोठा चढ होता, हवा होता तसाच. पण त्याच्या बऱ्याच आधी, ४० ते ४५ अंशांच्या मधे, एक लहानशी पायरी होती. मी मेल्ट पुन्हा लावला. पायरी पुन्हा आली. नवा नमुना काढला, तरी आली. त्या रात्री वहीत मी लिहिलं की दांडा उलगडण्याच्या आधी वळसा सुटत असावा. लिहिताना खात्री वाटत होती. तापमान वाढत जाताना आकडा टप्प्याटप्प्याने सैल होतो, आधी वळसा मग दांडा, असं एक सुंदर चित्र मनात तयार झालं होतं, आणि मला ते मनापासून आवडलं होतं. पुढचे दहा दिवस मी त्या पायरीवरच घालवले. मीठ बदलून पाहिलं, गती बदलून पाहिली. गटाच्या बैठकीसाठी स्लाइडही केली.

एक गोष्ट माझ्यासमोर होती आणि मी तिच्याकडे पाहिलं नाही. उतरतानाच्या आलेखात ती पायरी नव्हती. असा छोटा आकडा घडी घालतो मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या लाखाव्या-दशलक्षाव्या भागात. मिनिटाला अर्धा अंश ही गती त्याच्या हिशेबाने युगांची आहे. चढताना आणि उतरताना दोन्ही रेषा एकमेकींवर बसायलाच हव्यात. बसत नसतील तर जे चाललंय ते संथ आहे, आणि एकट्या आकड्यात इतकं संथ काही नसतं.

हे मला दादाने सांगितलं. आमच्या गटातला सर्वांत जुना विद्यार्थी, त्याला सगळे दादाच म्हणतात. त्याने स्लाइड पाहिली, बराच वेळ काही बोलला नाही, मग विचारलं, "द्रावण किती घट्ट आहे?"

"१०० मायक्रोमोलर. एनएमआरसाठी दाट साठा केला होता, त्यातूनच घेतलं. १ मिलिमीटरच्या क्युव्हेटमध्ये."

"साठा कसा गार केलास?"

"रात्रभर, हळूहळू."

"अगं, मग दहापट पातळ कर आणि १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये लाव. शोषण तेवढंच येईल. पायरी हलली तर ती तुझ्या आकड्याची नाही."

कारण असं: आकडा स्वतःशीच घडी घालतो. त्याला दुसऱ्या रेणूची गरज नाही, त्यामुळे शेजारी दहा रेणू असोत की हजार, त्याचं निम्म्यावर येण्याचं तापमान बदलत नाही. दोन रेणू एकमेकांना मिठी मारून दुपेड बनत असतील तर मात्र गर्दीवर सगळं अवलंबून असतं. दाट द्रावणात दुपेड जास्त टिकतो, पातळ द्रावणात कमी.

पातळ केलं. पायरी गेली. मोठा चढ जिथे होता तिथेच राहिला, पाव अंशाचाही फरक नाही. मग दाट द्रावणच ९५ अंशांना तापवून एकदम बर्फात बुडवलं, म्हणजे शेजारी शोधायला वेळ मिळण्याआधी प्रत्येक रेणू स्वतःवर दुमडेल. त्यातही पायरी नव्हती.

संध्याकाळी दादाने एक जुना शोधनिबंध माझ्या टेबलावर ठेवला. १९९०मध्ये बर्कलेतल्या टिनोको यांच्या गटाने याच बारा अक्षरांची द्रावणातली रचना एनएमआरने, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणूंचे संकेत टिपून, काढली होती. ती आकडा होती. पुढच्याच वर्षी, १९९१मध्ये, त्याच बारा अक्षरांचा स्फटिक करून क्ष-किरणांनी पाहिलं तेव्हा स्फटिकात आकडा नव्हताच. दोन धागे उलटसुलट एकमेकांना जोडून दुपेड झालेले होते. मधल्या चार जागी तर नेहमीच्या जोड्याही जमत नाहीत, तिथे यूसमोर जी आणि यूसमोर सी येतात. तरीही सरळ दुपेड. दाट द्रावण, भरपूर मीठ आणि भरपूर वेळ मिळाला की हा क्रम शेजाऱ्याला धरतो. माझ्या कुपीत नेमकं तेच झालं होतं. ४० अंशांची पायरी म्हणजे दोन धाग्यांची मिठी सुटून प्रत्येकाचा आकडा बनण्याची जागा होती, आणि उतरताना ती दिसत नव्हती कारण आकडा आधी बनून मोकळा होत होता.

माझ्या आवडत्या चित्राचं पान मी वहीत तसंच ठेवलं आहे, समोर तारीख आणि पातळ द्रावणाचा आलेख चिकटवून.

त्यानंतरचे मेल्ट स्वच्छ आले. पाच वेळा लावले, चढताना-उतरताना रेषा एकमेकींवर बसल्या, निम्म्यावरचं तापमान ७१ अंशांच्या आसपास. मॅडमनी पाहून नुसती मान हलवली आणि विचारलं, "आता सांग, ७१ म्हणजे काय?"

मी म्हणाले, ७१ अंशांना आकडा अर्धा उघडतो. त्यांनी मला घरी पाठवलं आणि सांगितलं की प्रत्येक तापमानाला किती रेणू उघडे आहेत ते मोजून उद्या ये. अर्धे उघडलेले रेणू आणि उघडलेले अर्धे रेणू यांत फरक आहे.

आलेखाच्या चढाच्या तीव्रतेवरून घडी उलगडायला लागणारी उष्णता काढता येते. माझी आली मोलला साधारण ५५ किलोकॅलरी. ती आणि ७१ अंश एवढ्यावर बाकी सगळं बसवता येतं, बंद आणि उघडा या दोनच अवस्था आहेत असं धरून. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॅल्क्युलेटर घेऊन बसले. २० अंशांना साधारण बारा लाखांत एक रेणू उघडा. ३७ अंशांना सुमारे सात हजारांत एक. ५५ अंशांना शंभरात दोन. ६० ला शंभरात साडेसहा. ७१ ला निम्मे. ८० ला उलटं, शंभरात अकराच बंद उरतात. २० ते ५५ या पस्तीस अंशांत जवळजवळ काहीच उघडत नाही आणि ६० ते ८० या वीस अंशांत सगळं होऊन जातं.

हे इतकं अचानक का, हा प्रश्न मला खूप छळत होता. तापमान वाढलं की रेणू जास्त थरथरतो आणि थरथरून थरथरून बंध तुटतात, असं मला वाटायचं. पण २५ वरून ७० अंशांवर जाताना खऱ्या, म्हणजे केल्व्हिनच्या मोजमापात वाढ किती होते? २९८ वरून ३४३. पंधरा टक्के. पंधरा टक्के जास्त थरथरीने अडीच लाखांत एक या प्रमाणाचं निम्म्यावर कसं येईल? मग उमगलं की तराजूची दुसरी बाजू मी पाहतच नव्हते. बंद आकड्याला बंधांची ऊब मिळते. उघड्या धाग्याला मोकळीक मिळते, कारण तो असंख्य आकार घेऊ शकतो. तापमान त्या मोकळिकीच्या वजनाला गुणतं. दोन्ही पारडी खूप जड आहेत आणि जवळजवळ समान आहेत. ३७ अंशांना त्यांच्यातला फरक फक्त साडेपाच किलोकॅलरीचा, पंचावन्नाच्या दहाव्या हिश्श्याचा. म्हणून थोडंसं तापमान वाढलं तरी तराजू झुकतो. तापमापक आकड्यांचं कामही यावरच चालतं. त्यांची दोन्ही पारडी ३७ अंशांच्या आसपास समान व्हावीत अशी त्यांची घडण असते, तर यूयूसीजीची ७० च्या पुढे.

तरीही एक गोष्ट जुळत नव्हती. ५५ अंशांपर्यंत शंभरात दोनच रेणू उघडे असतील तर त्याआधीची रेषा आडवी हवी. ती आडवी नव्हती. २० पासूनच ती हळूहळू चढत होती, अगदी कमी पण नक्की. लोक या चढाला बेसलाइन म्हणतात, त्यावर सरळ रेष मारतात आणि वजा करतात. मीही तेच केलं होतं. ती रेष २० ते ४५ वरून मारली की उष्णता ५५ येते, २० ते ५५ वरून मारली की थोडी वेगळी येते. दोनपाच किलोकॅलरी इकडेतिकडे. शोधनिबंधांत ही उष्णता दशांशासह छापलेली वाचताना मला आता त्या मारलेल्या रेषेची आठवण होते. ७१ हे तापमान मात्र रेष कुठूनही मारा, फारसं हलत नाही.

ती चढण म्हणजे काय, हे पाहायला मी संगणकाकडे गेले. एनएमआरने काढलेली रचना घेतली, पाण्याच्या पेटीत ठेवली, सोडियमचे आयन टाकले आणि प्रत्येक अणूवर न्यूटनचे नियम चालवले, दर पावलाला २ फेम्टोसेकंद. ३००, ३३०, ३६० आणि ४०० केल्व्हिन अशा चार पेट्या, प्रत्येक १ मायक्रोसेकंदाची. म्हणजे पेटीमागे पन्नास कोटी पावलं. ४०० केल्व्हिन म्हणजे १२७ अंश. खरं पाणी तिथे उकळून गेलं असतं, पण पेटीचं आकारमान बांधून ठेवलं की संगणकातलं पाणी पाणीच राहतं.

या पद्धतीवर किती विसंबावं हे सांगायला हवं. आरएनएसाठीची बलसूत्रं, म्हणजे अणू एकमेकांना किती ओढतात-ढकलतात हे सांगणारी समीकरणं, अजून अपुरी आहेत आणि यूयूसीजीचा वळसा ही तर त्यांची जाहीर दुखरी जागा आहे. अनेक सूत्रांना तो नीट टिकवता येत नाही. नेहमी वापरलं जाणारं पाण्याचं साधं प्रतिरूप खऱ्या पाण्यापेक्षा कितीतरी पातळ असतं, त्यामुळे हालचाली वास्तवापेक्षा वेगाने होतात. म्हणून या पेट्यांतून मी ना तापमान काढलं ना वेग. कोण आधी हलतं आणि कोण नंतर, एवढंच पाहिलं.

३०० केल्व्हिनला आकडा बंद होता, आणि बंद असताना तो सतत हलत होता. सर्वांत जास्त हालचाल त्या मोकळ्या यूची. तो पाण्यात इकडून तिकडे फिरत होता, कधी क्षणभर आत टेकायचा, पुन्हा बाहेर. त्याच्या शेजारचा उलटा बसलेला जी मात्र जागचा हलत नव्हता. एकाच वळशात, लागून लागून, एक अक्षर वाऱ्यावर आणि एक खिळ्यासारखं. ३३०ला दांड्याच्या टोकाची पहिली जोडी, जिथे धागा सुरू होतो आणि संपतो, अधूनमधून सुटू लागली. सुटायची, पाण्याचा एखादा रेणू मधे शिरायचा, पुन्हा जुळायची. ३६०ला हे वारंवार होऊ लागलं, दुसरी जोडीही सैल झाली, आणि वळशातला यू आणि जी यांच्यातला हायड्रॉक्सिलचा बंध कधी आहे कधी नाही असा झाला. तरी आकडा एकूणात बंदच होता. ४०० केल्व्हिनला टोकाकडून सुरू झालेली उसवण दांडाभर गेली आणि शेवटी वळसाही सुटला.

उसवण, हाच शब्द तेव्हा सुचला. आईच्या हाताखाली शिवण उसवताना पाहिलंय. टोकाचा टाका सुटला की पुढचा सोपा होतो, आणि मधला टाका दोन्हीकडच्या टाक्यांनी धरलेला असतो.

आलेखातली २० ते ५५ ची ती मंद चढण मला आता अशी दिसते: उघडलेले रेणू नाहीत तिथे, बंद रेणूंच्या आतली वाढत जाणारी सैलाई आहे. अक्षरांची एकमेकांवरची रचण थोडी थोडी ढिली होते, टोकं उसवतात आणि जुळतात, आणि अतिनील प्रकाशाला ते कळतं. बंद आणि उघडा असा दोनच खान्यांचा हिशेब ही चढण टिपू शकत नाही, म्हणून तिला वजा करतो. इतरांनी लेसरने पाणी एका झटक्यात काही अंशांनी तापवून, मग आकडा कसा सावरतो हे नॅनोसेकंदांपासून पाहिलं आहे. त्यातही यूयूसीजीसारख्या छोट्या आकड्यात एकापेक्षा जास्त टप्पे दिसतात. झटक्याने ढळवून पूर्ववत होण्याचा वेग मोजायचा, या विचारासाठी मानफ्रेड आयगेन यांना १९६७चं नोबेल विभागून मिळालं होतं. आमच्याकडे तसं यंत्र नाही. माझ्याकडे आहे ती संथ मेल्टची रेषा. पण तिच्या ज्या भागावर मी आधी पट्टी ठेवून रेघ मारत होते, तो भाग आता मी सर्वांत आधी पाहते.

हे मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं की मग जुलैतलं तुझं चित्र बरोबर होतं की काय, टप्प्याटप्प्याने सैल होण्याचं? मी विचार करून सांगितलं की नाही. तेव्हा मी वळसा आधी सुटतो असं लिहिलं होतं, आणि इथे तर टोक आधी सुटतंय, वळसा शेवटपर्यंत धरून आहे. शिवाय तेव्हा माझ्याकडे त्यासाठी पुरावा नव्हता, दोन धाग्यांची मिठी होती. त्या म्हणाल्या, "तापमापकाचा क्रम मागव."

सालमोनेलाच्या चार यूंचा आकडा गेल्या महिन्यात आला. त्याच पांढऱ्या थराच्या रूपात, लाल पट्टीच्या रॅकमध्ये ठेवला. यावेळी साठा पातळ केला, ९५ अंशांवरून थेट बर्फात. दोन क्युव्हेट शेजारी शेजारी लावल्या, एक १ मिलिमीटरची आणि दाट, एक १ सेंटिमीटरची आणि पातळ. नायट्रोजन सोडला. या आकड्याचा दांडा लांब असला तरी जोड्या कमजोर आहेत, मधे यू आणि ए भरपूर. खालची रेष यूयूसीजीच्या रेषेपेक्षा कितीतरी आधीपासून चढायला लागली. ३० अंशांच्या आतच ती कलली होती. दोन्ही क्युव्हेटमध्ये सारखीच. मी खुर्ची जवळ ओढली आणि उतरतानाची रेष येईपर्यंत तिथेच बसून राहिले.